रंग मारलेला जुना माग घ्यावा काय?



आमच्याकडे कापडाच्या सौद्यासाठी येणारे तरुण विणकर एक प्रश्न वारंवार विचारतात. ‘चार जुने माग मिळत आहेत. नुकताच रंग दिला आहे, दिसायला नव्यासारखे आहेत. घेऊ काय?’ आम्ही उलट विचारतो, ‘रंग कोणी दिला आणि कशासाठी दिला?’ याचे उत्तर बहुतेकांपाशी नसते. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

जुना माग घेणे आपल्या धंद्यात नवे नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. पुढे भिवंडी, मालेगाव येथे धंदा वाढला, त्यात गिरण्यांनी काढून टाकलेल्या मागांचा मोठा वाटा होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हाही तेथले माग आपल्याकडे आले. त्या बिडाच्या सांगाड्यांवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. तेव्हा जुना म्हणजे वाईट, असे आम्ही कधी म्हणणार नाही. आता बिनधोट्याचे माग आल्यामुळे साधे माग पुष्कळ मोडीत निघत आहेत आणि स्वस्तात मिळतात. स्वस्त दिसले की हात लवकर पुढे होतो, आणि फसगत तेथेच होते.

आमची चूक

१९९६ साली आम्ही एका दलालाच्या गोदामातून चार माग घेतले. हिरवा रंग, चकचकीत चाके, नवे पट्टे. जॉबरला सोबत न नेता आम्ही तेथेच इसार देऊन टाकला. माग बसवल्यावर तीन आठवडे बरे चालले. चौथ्या आठवड्यात एका मागाच्या बाजूच्या चौकटीला तडा गेलेला दिसला. तडा नवा नव्हता. जुन्या भेगेवर वेल्डिंग करून, पुट्टी भरून, वर रंग दिला होता. तेथले ब्रॅकेट सरकले, धोट्याची मार वाकडी झाली आणि धोटा उडून आमच्या कारागिराच्या डोळ्याखाली लागला. अल्लाहच्या कृपेने डोळा वाचला. औषधपाण्याचा खर्च आणि बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी आम्ही दिली, परंतु त्या माणसाच्या गालावरची खूण आजही आम्हाला आमची घाई आठवून देते. माग पारखणे हा केवळ पैशाचा प्रश्न नाही, हे आम्ही तेव्हा शिकलो.

झीज वेगळी, ऐब वेगळा

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. चाललेले यंत्र झिजणारच. पिकर, धोटा, फणी, बफर, पट्टे, पितळी बुश या वस्तू झिजण्यासाठीच असतात. बाजारात मिळतात, एका दिवसात बदलतात. त्या खराब आहेत म्हणून चांगला माग सोडू नये. भावात तेवढे कमी करून घ्यावे. मागाचा जीव तीन ठिकाणी असतो: बिडाची चौकट, क्रँक शाफ्ट आणि खालचा शाफ्ट. या तिघांत दोष असेल तर तो महागात पडतो, आणि रंग बहुधा याच दोषांवर मारलेला असतो.

रंग वाचावा कसा?

रंग खोटे बोलतो, पण नीट पाहिले तर तोच साक्षही देतो.

तेलाची छिद्रे पाहावीत. छिद्रात रंग गेला असेल तर रंग दिल्यानंतर माग चाललेला नाही, कारण चालणाऱ्या मागाला तेल घालावेच लागते. मग ‘कालपर्यंत चालू होता’ हे बोलणे खरे कसे?

नट-बोल्ट पाहावेत. नट आणि चौकट यांच्या सांध्यावर रंगाचा अखंड थर असेल तर रंग दिल्यावर तो नट उघडलेला नाही. आटे जुन्या गंजाने भरलेले आणि वर रंग असेल, तर तो बऱ्याच दिवसांत उघडलेलाच नाही. अशा वेळी ‘पूर्ण खोलून ओव्हरहॉल केला’ हा दावा टिकत नाही.

चौकटीवर एखाद्याच जागी रंग जाड किंवा पृष्ठभाग जास्त गुळगुळीत दिसला तर तेथे संशय घ्यावा. ओतीव बीड थोडे खरखरीत असते. गुळगुळीत तुकडा म्हणजे बहुधा पुट्टी.

भेगेची परीक्षा

लहान हातोडीने चौकटीवर ठिकठिकाणी हलके ठोकावे. अखंड बीड खणखणते, तडा गेलेले बीड बद्द आवाज देते. संशय आला की विकणाऱ्याची परवानगी घेऊन तेवढ्या जागेचा रंग कानशीने खरवडावा, रॉकेल लावावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. मग कोरड्या फडक्याने पुसून वर खडू घासावा. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते. या परीक्षेला दोन-चार रुपये लागतात. पाय, बेअरिंगची बैठक, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि धोट्याला मार देणाऱ्या शाफ्टचे ब्रॅकेट, एवढ्या जागा तरी तपासाव्यात. खरवडू देण्यास विकणारा नकार देत असेल तर तेथेच सलाम करून निघावे.

चौकट काटकोनात आहे की नाही हेही पाहावे. समोरासमोरच्या कोनांत दोरी ताणून दोन्ही तिरप्या लांब्या मोजाव्यात. त्या सारख्या नसतील तर माग तिरका बसला आहे किंवा चौकट वाकली आहे.

हाताने दोन फेरे

आधी विजेचे मुख्य बटण बंद करावे. मग चाक हाताने सावकाश फिरवावे, आणि दोन पूर्ण फेरे फिरवावेत. क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक होतो. म्हणून दोन फेऱ्यांत डावी-उजवी दोन्ही मार आणि ताण्याची उघडझाप पूर्ण होते. मध्ये एका जागी चाक जड लागले तर शाफ्ट वाकल्याचा संशय घ्यावा. एका जागी चाक सैल सुटले तर गिअरचे दाते पाहावेत. एकास दोन या प्रमाणामुळे दर वेळी तेच दाते समोरासमोर येतात आणि माराचा भार त्याच दात्यांवर पडतो. त्यामुळे बाकीचे दाते चांगले आणि तीन-चार दाते धारदार झालेले, असे बरेचदा आढळते.

नंतर क्रँक शाफ्टखाली लाकडी दांडा घालून वर उचलून पाहावे. शाफ्ट खडखड हलला तर बुश झिजला आहे. हे स्वस्त काम आहे. परंतु बुश उघडून शाफ्ट बोटाने चाचपावा. तो गोल न राहता लंबगोल झाला असेल तर लेथवर काम न्यावे लागेल, आणि नवा बुशही थोड्या दिवसांत जाईल. त्याचप्रमाणे फणी बसते ती चौकट दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावी. तेथे ढिलाई असेल तर बाण्याची ठोक सारखी बसत नाही, कापडात जाड-विरळ पट्टे येतात आणि व्यापारी माल परत करतो. आम्ही स्वतः व्यापारी आहोत. असा माल आम्हीही परत करतो.

चालता माग, विणलेले कापड

शक्य तो माग मालकाच्या कारखान्यात, ताणा चढवलेला असताना, चालता पाहावा. गोदामात सुटे करून ठेवलेले भाग पाहून सौदा करू नये. चार मागांचे भाग जोडून एक माग बनवलेला असतो. तासभर थांबावे. माग किती वेळा थांबतो, का थांबतो, हे मोजावे. मालक काय सांगतो ते ऐकावे, पण त्याच मागावर विणलेले दोन मीटर कापड उजेडासमोर धरून पाहावे. कापडावर रंग मारता येत नाही.

सौद्याआधी कागदही पाहावेत. माग बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे गहाण असेल तर विकणाऱ्याचा शब्द पुरेसा नाही. कर्ज फिटल्याचे पत्र मागावे. बिलावर मागाची रुंदी, बनावट आणि क्रमांक लिहून घ्यावा.

हिशेब

समजा, रंगवलेल्या मागाचे शंभर रुपये सांगितले. आणणे व बसवणे पंधरा, आत दडलेली दुरुस्ती पस्तीस, माग बंद राहिल्याचे नुकसान दहा. एकूण एकशे साठ. शेजारी एक कळकट, न रंगवलेला माग एकशे पंधराला आहे. आणणे-बसवणे तेच पंधरा, समोर दिसणारी दुरुस्ती वीस. एकूण दीडशे. म्हणजे महाग दिसणारा माग स्वस्त पडला. हे आकडे समजण्यासाठी आहेत. आपापल्या गावच्या भावाने मांडावेत.

नियम सोपा ठेवावा. चौकट आणि दोन्ही शाफ्ट चांगले असतील तर बाकी सर्व झिजलेले असले तरी माग घ्यावा. चौकट चांगली आणि शाफ्ट खराब, तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करून घ्यावा. चौकटीला भेग, तर त्या मागाची किंमत काट्यावर भंगाराची तेवढीच, आणि चालवण्यासाठी तो घेऊच नये.

शरीअत आणि कायदा

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले निघाले. पाऊस लागला, असे विकणाऱ्याने सांगितले. मग ओला दाणा लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. आपल्या मागावरचा रंग हा तोच कोरडा दाणा आहे.

फिक्हमध्ये खरेदीदाराला दोन आधार आहेत. लपलेला ऐब नंतर उघड झाला तर वस्तू परत करण्याचा हक्क म्हणजे खियार-उल-ऐब. सौदा करतानाच मुदत ठरवून घेणे म्हणजे खियार-उश-शर्त. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते, त्यांच्या दोन शिष्यांच्या मते ठरेल तेवढी. ‘इतके दिवस चालवून पाहीन, पसंत नसल्यास परत’ ही एक ओळ पावतीवर लिहून घेण्यास संकोच करू नये. देशाच्या कायद्यातही, १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे, खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाची तक्रार सहसा चालत नाही. म्हणून तपासणी करायची तर डोळे उघडे ठेवून करावी.

आणि आपण विकताना

आमचे ते चार माग पुढे विकायला काढले तेव्हा रंगारी बोलावला होता. थोरल्या बंधूंनी त्याला परत पाठवले. खडू घेतला आणि जेथे जेथे वेल्डिंग होते तेथे तेथे गोल काढले. गिऱ्हाईक आले, त्यांनी गोल पाहिले, तीन माग कमी भावाने घेतले आणि चौथा तेथेच सोडला. तो भंगारात गेला. नुकसान झाले, हे खोटे सांगणार नाही. परंतु त्या मागाने पुन्हा कोणाचा डोळा धोक्यात आला नाही.

घेताना खडू खिशात असावा, आणि विकतानाही असावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.