दानाचे फळ कसे ओळखावे?

देवालयाच्या वार्षिक अहवालात समाजकार्याचे एक स्वतंत्र प्रकरण असते. किती विद्यार्थ्यांस वह्या दिल्या, किती जणांस शिष्यवृत्ती मिळाली, आरोग्य-शिबिरात किती रुग्ण तपासले गेले, हे सर्व आकडे त्यात नमूद केलेले असतात. हिशेबतपासनीस जमाखर्च पडताळून पाहतात, सभेत आभाराचा ठराव संमत होतो आणि पुढील वर्षी तेच कार्य त्याच पद्धतीने पुन्हा सुरू होते.

प्रस्तुत लेखकानेही असे अहवाल कित्येक वर्षे लिहिले आहेत. एका वर्षी वह्यांचे वाटप आटोपल्यावर चौथीतील एका मुलास वहीच्या मलपृष्ठावर छापलेल्या चार ओळी सहज कौतुकाने वाचून दाखवावयास सांगितले. त्याला त्या वाचता येईनात. मूल खाली मान घालून उभे राहिले. वास्तविक मान खाली घालण्याची पाळी आमची होती. वही त्याच्या हातात पोहोचली होती, अहवालात तिची नोंदही व्हावयाची होती; परंतु ज्या हेतूने ती दिली, तो हेतू त्या मुलापर्यंत पोहोचलाच नव्हता. दान दिले गेले याची नोंद आपण ठेवतो. दान फळले की नाही, याची नोंद कोण ठेवणार? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीच हा लेख आहे.

येथे काही सभासदांच्या मनात एक शंका सहजच उद्भवेल. श्रीमद्भगवद्गीतेने तर फळाची आसक्ती धरू नये असे शिकविले. मग सेवेच्या फळाचा हिशेब मांडणे हे त्या शिकवणुकीच्या विरुद्ध नव्हे काय? शंका रास्त आहे, परंतु थोडा विचार करता तिचे निरसन होते. गीतेने त्यागावयास सांगितले आहे ते कर्त्याने स्वतःसाठी इच्छिलेले फळ, म्हणजे मान, कीर्ती, पुण्याचा अभिमान. ज्याच्यासाठी कर्म करावयाचे, त्याचे हित झाले की नाही याविषयी उदासीन राहावे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. उलट, सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार आवश्यक मानला आहे, आणि तो विचार न करता, अनादराने दिलेल्या दानास तामस म्हटले आहे. वैद्याने औषधाच्या मोबदल्याची आशा धरू नये हे खरे. पण रोग्याचा ताप उतरला की नाही, हे त्याने पाहू नये असे कोण म्हणेल?

आता मुख्य विषयाकडे वळू. कोणत्याही सेवाकार्याचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. पहिला साधनांचा, म्हणजे पैसा, वस्तू व माणसांचा वेळ. दुसरा कृतीचा, म्हणजे वह्या वाटल्या, वर्ग भरविले, शिबिर घेतले. तिसरा फळाचा, म्हणजे मुलास वाचता येऊ लागले, रुग्णाचा आजार हटला. आपले अहवाल बहुधा दुसऱ्या टप्प्यावर थांबतात, कारण कृती मोजणे सोपे असते. परंतु कृती झाली म्हणजे फळ आलेच, हे गृहीत धरणे बरोबर नाही.

याचे एक बोलके उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशात घडले. तेथील बुसिया भागात १९९० नंतरच्या दशकात एका सेवाभावी संस्थेने काही शाळांस पाठ्यपुस्तके पुरविली. पुस्तके मिळाली म्हणजे मुले अधिक शिकतील, यात कोणास शंका वाटावी? परंतु पुस्तके मिळालेल्या शाळांची न मिळालेल्या शाळांशी तुलना केली, तेव्हा सरासरी गुणांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. लाभ झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. कारण शोधता असे दिसले की, पुस्तके इंग्रजीत होती, आणि तेथील बहुसंख्य मुलांची ती तिसरी भाषा होती. दान उत्तम होते, पण पात्राचा विचार अपुरा होता.

या उदाहरणात ‘तुलना’ हा शब्द आला. तोच या विषयाचा गाभा होय. समजा, आपण मुलांसाठी वर्षभर सायंकाळचा वर्ग चालविला आणि वर्षाअखेर मुले अधिक चांगले वाचू लागली. हा परिणाम वर्गाचाच, असे म्हणता येईल काय? वर्षभरात मूल एका वर्षाने मोठे झाले, शाळेतही शिकले. वर्ग नसता तरी काही प्रगती झालीच असती. बरे, वर्गास न येणाऱ्या मुलांशी तुलना करावी तर तीही फसवी ठरते. कारण ज्यांचे आईबाप दक्ष आहेत तीच मुले बहुधा वर्गास येतात. म्हणून खरा प्रश्न असा विचारावयास हवा : आपण हे कार्य केले नसते, तर याच मुलांचे काय झाले असते? याचे उत्तर प्रत्यक्ष पाहता येत नाही. ते योग्य तुलनेनेच मिळवावे लागते.

अशी तुलना कशी करावी, याचा धडा आपल्या चांगल्या परिचयाच्या बडोदे शहराने घालून दिला आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली प्रथम अमरेली भागात करून पाहिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. थोड्यावर अनुभव घ्यावा आणि मग विस्तार करावा, ही दृष्टी त्यात होती. पुढे सुमारे शंभर वर्षांनी त्याच शहरात, पालिकेच्या प्राथमिक शाळांत असे दिसून आले की, तिसरीतील मुलांपैकी जेमतेम पंचमांश मुलांना पहिलीच्या पातळीचे गणित येत होते. मुले शाळेत पोहोचली होती. शिक्षण मुलांपर्यंत पोहोचले नव्हते.

मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने यावर ‘बालसखी’ हा उपाय योजिला. वस्तीतीलच माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेली एखादी तरुणी निवडावी, तिला थोडे प्रशिक्षण द्यावे, आणि तिने शाळेच्या वेळेतच मागे पडलेली पंधरा-वीस मुले वेगळी घेऊन त्यांना रोज सुमारे दोन तास अक्षरओळख, वाचन व साधे गणित शिकवावे, अशी ही योजना होती. हा उपाय खरोखर गुणकारी आहे की नाही, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल व ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘प्रथम’च्या सहकार्याने पारखून पाहिले. बडोद्यातील शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दैवगतीने दोन गट केले. २००१-०२ साली एका गटास तिसरीसाठी बालसखी मिळाली, दुसऱ्यास चौथीसाठी; पुढील वर्षी हीच व्यवस्था उलट केली. यामुळे एकाच इयत्तेची, एकाच शहरातील, बालसखी असलेली व नसलेली मुले तुलनेस मिळाली, आणि कोणतीही शाळा सर्वस्वी वंचित राहिली नाही. ‘प्रयोगासाठी कोणाला वगळणे अन्यायाचे नव्हे काय?’ या आक्षेपास हे समर्पक उत्तर आहे. साधने सर्वांना पुरेशी नसतात, तेव्हा ओळखीपाळखीने वाटप करण्यापेक्षा चिठ्ठी टाकणे केव्हाही अधिक न्याय्य असते.

निष्कर्ष उत्साहवर्धक होते, आणि तितकेच विचार करावयास लावणारेही. दुसऱ्या वर्षी बालसखी असलेल्या वर्गांची सरासरी संख्याशास्त्राच्या भाषेत ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. साध्या भाषेत सांगावयाचे तर, शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर उभे असलेले मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकावे, एवढी ती वाढ होती. आणि तिचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा होता. विशेष गोष्ट अशी की, मागे पडलेली मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी शिक्षकांजवळ राहिलेल्या मुलांस त्याचा लाभ झालेला दिसला नाही. म्हणजे गुण नुसत्या लहान वर्गाचा नव्हता; मुलाच्या पातळीवर उतरून शिकविण्याचा होता. पारख केली नसती तर हे मर्म हाती लागले नसते.

याच शहरात आणखी एक उपाय तपासला गेला. चौथीच्या मुलांनी आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे बसून, गणिताचे खेळ खेळावयाचे. त्याने गणितातील गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. वरवर पाहता हा उपाय सरस वाटेल. परंतु खर्च पाहा : बालसखीसाठी दर मुलामागे वर्षास त्या वेळच्या दराने शंभर रुपयांच्या किंचित वर, तर संगणकासाठी सातशेच्या वर. खर्च सुमारे सातपट; फळ मात्र दुपटीहूनही कमी. म्हणून ‘किती फळ आले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती खर्चात किती फळ आले?’ हेही विचारले पाहिजे. दात्याचा रुपया हा विश्वस्ताजवळ ठेवलेली ठेव असते. त्याच रुपयात सात मुलांचे हित होऊ शकत असता एकाचे करणे हा अपहार नव्हे, परंतु कर्तव्यातील उणीव निश्चितच होय.

आणखी एक गोष्ट त्या संशोधकांनी लपविली नाही. कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने पुन्हा तपासले असता ही वाढ ओसरून ०.१० प्रमाण विचलनाच्या आसपास आली होती. मागे पडलेल्या मुलांस काही लाभ टिकला, पण पूर्ण टिकला नाही. अर्थात एका वर्षाची मदत आयुष्यभर पुरत नाही. यश जितक्या ठळकपणे मांडावे तितक्याच ठळकपणे ही मर्यादाही मांडावी, हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले, ते दारिद्र्यनिवारणाच्या उपायांची अशी प्रायोगिक पारख रूढ केल्याबद्दलच होय. वर सांगितलेल्या केनियातील पाठ्यपुस्तकांच्या अभ्यासातही क्रेमर यांचा सहभाग होता.

आता कोणी म्हणेल, हे मोठ्या विद्वानांचे काम. आमच्या वर्गात तीस मुले, आम्ही काय तपासणार? खरे आहे. तीस मुलांवरून मोठा सिद्धान्त काढू नये. परंतु इतरांनी काळजीपूर्वक सिद्ध केलेल्या गोष्टीतून आपला उपाय निवडता येतो, आणि तो आपल्याकडे नीट चालला आहे की नाही हे पाहता येते. त्यासाठी पाच गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, कार्य सुरू करण्यापूर्वी अपेक्षित फळ एका वाक्यात लिहून ठेवावे. ‘शंभर वह्या वाटणे’ हे फळ नव्हे. ‘वर्गातील प्रत्येक मुलास दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता यावी’ हे फळ होय. दुसरी, आरंभी व अखेरीस एकच साधी चाचणी घ्यावी. ‘प्रथम’ने २००५ सालापासून ‘असर’ या पाहणीसाठी जी चाचणी वापरली, ती अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद व गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांची आहे. एका मुलास ती घ्यावयास काही मिनिटे पुरतात. तिसरी, जागा मर्यादित असतील तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्यांची चिठ्ठी पुढील तुकडीसाठी निघाली, त्यांचीही चाचणी घेऊन ठेवावी. तुलना आपोआप मिळते. चौथी, एकूण खर्चास ‘किती जणांना वस्तू दिली’ या संख्येने न भागता ‘किती जणांत इष्ट बदल झाला’ या संख्येने भागावे. पाचवी, जे साधले नाही तेही अहवालात छापावे. दाते त्याने दुरावतील ही भीती व्यर्थ आहे. सत्य सांगणाऱ्या विश्वस्तांवरच दात्यांचा विश्वास अधिक बसतो.

मात्र एक पथ्य पाळावे. मोजमापाच्या भरात घेणाऱ्याचा मान दुखावता कामा नये. चाचणी मुलाची नसून आपल्या कार्याची आहे, हे मुलास व त्याच्या आईबापांस स्पष्ट सांगावे. तसेच सर्वच गोष्टी मोजता येत नाहीत हेही विसरू नये. पंगतीत शेजारी बसून जेवल्याने जो आपलेपणा निर्माण होतो, एकाकी वृद्धास देवळाच्या ओसरीवर जी सोबत मिळते, त्यांस मापाची पट्टी लावण्याचे कारण नाही. परंतु जे मोजता येण्याजोगे आहे, ते केवळ संकोचाने वा आळसाने मोजावयाचे टाळू नये.

त्या चौथीतील मुलास पुढे आम्ही वही दिली नाही. आठवड्यातून चार दिवस वाचनासाठी जवळ बसविले. त्या वर्षीच्या अहवालात वाटलेल्या वह्यांचा आकडा कमी दिसला, आणि सभेत त्याविषयी एका सभासदांनी प्रश्नही विचारला. उत्तर देण्यास तो मुलगाच उभा राहिला. त्याने अहवालाचे पहिले पान वाचून दाखविले. अडखळत, पण शेवटपर्यंत.