आपण तर जन्माचे ख्रिस्ती!

काल फोनवर तू फणकारलीस ना छोटे, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. कारण ते वाक्य माझंच होतं. ‘दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली बाई मला शिकवणार? आपल्या घरात चार पिढ्या शास्त्र वाचतायत!’ पंचवीस वर्षांपूर्वी पोळ्या लाटता लाटता मी आईला अगदी हेच म्हणाले होते. बाई फक्त वेगळी होती. तिच्याशी मी सहा महिने धड बोलले नाही. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली, आणि बोलायचं राहूनच गेलं.

तुझ्या त्या नव्या बाईंनी विचारलं तरी काय? उपासनेनंतर चहाचे कप दर रविवारी त्याच दोघी का विसळतात, एवढंच ना? आणि तू तिला वचनावर वचन ऐकवलंस. अगं, उत्तर नसलं की आपल्याला वचनं फार आठवतात.

पंडिता रमाबाईंचं आपण किती कौतुकाने सांगतो! पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे तिनेच लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर तिला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तोवर तिची विधवांसाठीची शाळा, शारदासदन, सुरू झालेली, जगभर नाव झालेलं. अशा वेळी हे कबूल करायला केवढी छाती लागली असेल!

तेव्हा तिच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र आलं होतं. त्याची तर आणखी मजा. 1851 मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्याच देवळात उपदेश करता करता त्याचा मनपालट झाला, दुसऱ्या कुणाच्या नाही, स्वतःच्याच उपदेशाने. समोर बसलेल्यांतला एक जण उठून ओरडला, पाळकाचं परिवर्तन झालं! (आपल्याकडे असं झालं असतं तर कमिटीने आधी तातडीची सभा बोलावली असती.)

म्हणून प्रत्येकाला मान डोलाव असं मी म्हणत नाहीये. रमाबाई कुठे डोलावत होती? ज्या सिस्टरांनी तिला वाँटेजला आसरा दिला, त्यांच्याशीच ती सिद्धांतांवरून पत्रापत्री करून भांडली. तुला त्या बाईंचं पटत नसेल तर तूही खुशाल भांड. पण काल तू तासभर बोललीस, त्यात तिचं म्हणणं खोटं आहे असं एकदाही म्हणाली नाहीस. नुसतं ‘ती कोण?’ एवढंच.

आणि लक्ष्मीबाई टिळक आठव. तिच्या नवऱ्याचा, टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. ती बिचारी किती रडली, किती सोवळं पाळलं! पण स्वतःचा बाप्तिस्मा व्हायच्या आधीच तिच्या मनातला विटाळ गळून पडला होता. ‘स्मृतिचित्रे’त स्वतःची फजिती ती कशी खदखदून हसत सांगते! मला तर तिची नम्रता त्या हसण्यातच दिसते. तिचं सोवळं पाण्यात बुडालं, आणि आपलं चार पिढ्यांनंतरही कपबशांत तरंगतंय. त्या दोघी कोणत्या वस्तीतून येतात, ते तुला माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर तो प्रश्न एवढा झोंबला.

माझ्याही मनात हे सोवळं अजून आहे बरं का. परवाच एका लग्नात पंगतीला बसताना मी कुणाशेजारची खुर्ची टाळली, ते घरी आल्यावर लक्षात आलं. कुणाला कळलंसुद्धा नाही. रात्री प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना.

रविवारी माफीचं भाषण वगैरे करू नकोस, तुला ते फार छान जमतं म्हणून सांगतेय. चहा झाला की सरळ मोरीपाशी जा. त्या दोघी ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतील. तू ऐकू नकोस. आणि बाह्या आधीच वर कर, तिथल्या नळाचं पाणी फार उडतं.