घर कुणाच्या वाटेवर घ्यावे?

मुंबईत एकत्र बिऱ्हाड करू इच्छिणाऱ्या, परंतु शहराच्या निरनिराळ्या टोकांना नोकऱ्या करणाऱ्या तरुण-तरुणींनी घराचा शोध आरंभण्यापूर्वी जी समजूत मनातून समूळ काढून टाकावी, ती ही की, सर्वांच्या कचेऱ्यांच्या साधारण मधोमध असलेले घर सर्वांना सारखेच न्याय्य असते. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे, आणि स्नेहभावाला ती इतकी साजेशी दिसते, की तिच्याविषयी शंका घेणेही कृपणतेचे वाटावे. तथापि तिच्यापायी एक चांगले चाललेले बिऱ्हाड मोडलेले मी जवळून पाहिले आहे, कारण त्या बिऱ्हाडातील तिघींपैकी एक मी होते.

पूर्वीच्या मुंबईत हा प्रश्न या रूपात सहसा उभाच राहत नसे. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या नावाने चालणाऱ्या सामाईक खोल्यांतून जी माणसे राहत, त्यांचे गाव जसे एक असे तसे त्यांचे कामही बहुधा गिरणीच्या भोंग्याच्या टापूतच असे. एकाची पाळी सुटून तो परते तेव्हा दुसरा कामावर निघालेला असे, आणि त्यामुळे जागा अपुरी असली तरी वाट मात्र कुणालाच लांबची पडत नसे. धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या गावकऱ्यांनी चालवलेले जे कूड होते, त्यांत उतरणारे कित्येकजण तर बोटीवरचे खलाशी, दोन सफरींच्या मधल्या काळापुरता आसरा शोधणारे. पुढे शहराचे कामच विखुरले. १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये अंधेरीच्या पूर्वेला सीप्झ हे निर्यात-प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले, वांद्रे-कुर्ला संकुल हळूहळू कचेऱ्यांनी भरून गेले, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एके काळी प्रामुख्याने रासायनिक कारखाने होते, तिथे ऐरोली-महाप्याच्या बाजूला संगणक-कंपन्यांच्या इमारती आल्या. आता सोबत राहणाऱ्यांना एकत्र आणणारी गोष्ट गाव किंवा महाविद्यालय ही असते, आणि नोकऱ्या मात्र त्यांना सकाळी तीन दिशांना पांगवतात.

आमची गोष्ट नेमकी अशीच होती. मी ऐरोलीला एका कंपनीत होते. एक मैत्रीण सीप्झमध्ये, आणि दुसरी परळच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा-तंत्रज्ञ. पहिल्या दोघींच्या वेळा ठरलेल्या होत्या. तिसरीची पाळी दर आठवड्याला बदलत असे, तिला रविवारची सुटी असेलच असे नाही, आणि ती एक दिवस गैरहजर राहिली तर तिच्या वाटचे काम दुसऱ्या कुणावर तरी पडणार, हे तिच्या मनाला सतत लागून असे. आम्ही नकाशा समोर घेतला, तिन्ही ठिकाणांच्या साधारण मधोमध पडणारी जागा पाहिली आणि चांदिवलीला घर घेतले. घर हवेशीर होते, सोसायटी सज्जन होती, भाड्याचे तीन समान भाग झाले, आणि याहून निर्दोष वाटणी असू शकत नाही असे तिघींनाही मनोमन वाटले.

परंतु चांदिवलीला रेल्वे स्थानक नाही, आणि २०१३ साली त्या बाजूला मेट्रोही नव्हती. सीप्झची मैत्रीण रिक्षाने थोड्या वेळात कामावर पोहोचे. मला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या वाहनांच्या रांगांतून आणि ऐरोलीच्या पुलावरून जावे लागे. वेळ जाई, पण एकदा बसमध्ये जागा मिळाली की निदान बसता येई. परळच्या मैत्रिणीला मात्र आधी साकीनाक्याच्या कोंडीतून घाटकोपर गाठायचे, मग ऐन गर्दीच्या वेळी शहराकडे जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात उभ्याने शिरायचे, आणि सकाळची पाळी असेल तर उजाडण्यापूर्वीच निघायचे, असा दिनक्रम पडला. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की तिचा प्रवास आणखी लांबे. पावसाळ्यात कुर्ला आणि शीव यांच्या दरम्यान रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या की आम्ही दोघी घरी राहू शकत होतो. तिला जावेच लागे. रात्री उशिरा सुटल्यावर रिक्षाचाही आधार नसे, कारण शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षांना मुभाच नाही. टॅक्सीचे भाडे तिच्या पगाराला परवडणारे नव्हते. नकाशावर घर तिघींच्या साधारण मधोमध होते, आणि देहावर पडणारा भार मात्र इतका विषम होता.

तिने तक्रार केली नाही, आणि मला वाटते की अशा बिऱ्हाडांतला खरा धोका इथेच असतो. ज्याचा प्रवास सर्वांत कठीण, तो माणूस निर्णय सर्वांच्या संमतीने झाला आहे या जाणिवेने गप्प राहतो, आणि सोबतच्यांना त्याचे गप्प राहणे समाधानासारखे दिसते. हळूहळू ती लालबागला मावशीकडे रात्री काढू लागली. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "अगं, भाडं मी इथलं भरते आणि झोपते मावशीकडे, हे किती दिवस चालायचं?" करारनाम्याची मुदत संपण्यापूर्वीच तिने घर सोडले. करारनाम्यात ठरावीक महिन्यांच्या आत जागा सोडल्यास त्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल असे कलम होते. ते घरमालकाने काटेकोरपणे लावले, अनामत रकमेतून कपात केली, आणि तिच्या वाट्याचा भार कुणी सोसावा यावरून आम्हा उरलेल्या दोघींत जो कडवटपणा आला तो निवळायला पुष्कळ काळ जावा लागला.

यातून जे मला उमगले ते असे. अंतराची मोजणी किलोमीटरांत करू नये. वाहने किती बदलावी लागतात, गर्दीच्या दिशेने जायचे की उलट, बसायला मिळते की नाही, वेळ चुकल्यास काय गमवावे लागते, आणि रेल्वे बंद पडली तर दुसरी वाट आहे का, यांचा विचार आधी करावा. सकाळी घाटकोपरहून ठाण्याकडे जाणारी स्त्री आणि त्याच स्थानकावरून परळकडे जाणारी स्त्री यांच्या प्रवासाचे मिनिटांतले माप जवळपास सारखे भरले, तरी त्यांपैकी एकीच्या वाट्याला गर्दीच्या विरुद्ध दिशेची मोकळीक येते आणि दुसरीला दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वीच थकवा गाठतो. म्हणून माझे मत असे की, घर हे सोबत्यांपैकी ज्याच्या वेळा सर्वांत अनिश्चित आणि ज्याला गैरहजेरी सर्वांत महाग पडते, त्याच्या वाटेवर घ्यावे. ज्यांना बसून जाता येते, वेळ थोडी मागेपुढे करता येते किंवा घरून काम करता येते, त्यांनी अंतर सोसावे. त्यात त्यांचे नुकसान होत असेल तर त्याची भरपाई घरातच करता येते: मोठी खोली त्यांना द्यावी, भाड्याचा थोडा कमी हिस्सा त्यांच्याकडे यावा. पाळीवर जाणाऱ्या सोबत्याला मात्र, घर त्याच्या सोयीचे आहे म्हणून, जास्तीचे भाडे लावू नये. ती सोय म्हणजे त्याच्या कामाच्या कठीणपणाची केवळ अंशतः भरपाई असते.

आम्ही तिघी पुढे पुन्हा एकत्र आलो. तोवर ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली होती, आणि आम्ही घाटकोपर पूर्वेला घर घेतले. परळची मैत्रीण धिम्या लोकलने एकाच गाडीत थेट जाऊ लागली, सीप्झची मेट्रोने चकाल्याला उतरून पुढे रिक्षाने, आणि मी ठाण्याला उतरून ऐरोलीकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी धरू लागले. सर्वांत लांबचा प्रवास माझा झाला, म्हणून सज्जा असलेली खोली मला मिळाली, आणि हा व्यवहार तिघींनाही मनापासून पटला. याच मेट्रोवरून एक सावधगिरीही सांगावीशी वाटते. तिची कोनशिला २००६ साली बसली आणि गाडी २०१४ मध्ये धावली. होऊ घातलेल्या मार्गाच्या नावावर आजचे भाडे वाढवून सांगणारे दलाल तेव्हाही होते आणि आजही आहेत. ज्या मार्गावर आज गाडी धावत नाही, तो घराच्या हिशेबात धरू नये.

दस्तऐवजांविषयी थोडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये भाडेविषयक करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव घालून घ्यावे. एकाच्याच नावावर करार असला की वाद उद्भवल्यावर बाकीचे निराधार ठरतात. मुदतीपूर्वी जागा सोडण्याविषयीचे कलम सही करण्यापूर्वी सर्वांनी वाचावे, आणि एखाद्याची नोकरी बदलली किंवा बदली झाली तर त्याच्या जागी दुसरा सोबती आणण्याची मुभा त्यात लिहून घेण्याचा प्रयत्न करावा. आपसांत एक साधा कागदही करून ठेवावा: अनामतीत कुणाचे किती, जाणाऱ्याने किती आधी सूचना द्यायची, आणि तो गेल्यावर नवा सोबती येईपर्यंत त्याचा हिस्सा कुणी भरायचा. मैत्रीत असा कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांना आमच्या कडवटपणाचे ते महिने ठाऊक नाहीत.

आणि एक विनंती. घर पसंत पडले, दलाल घाई करू लागला, तरी टोकनची रक्कम देण्यापूर्वी तुमच्यापैकी सर्वांत अवघड पाळी असलेल्या सोबत्याला त्या घरापासून त्याच्या कामाच्या जागी, त्याच्याच पाळीच्या वेळेला, एखाद्या कामाच्या दिवशी आणि शक्य झाल्यास एखाद्या रविवारीही, जाऊन येऊ द्या. शक्य असेल तर त्याच्याबरोबर तुम्हीही जा, आणि तो परत आल्यावर काय सांगतो ते ऐकून मगच सही करा.