संगणकाच्या घरातील कारभारी

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ऑपरेटिंग सिस्टिमची व्याख्या तुम्ही बहुतेक बिनचूक लिहिता : यंत्र आणि ते वापरणारा यांना जोडणारा दुवा. व्याख्या खोटी नाही. गुणही पदरात पडतात. परंतु हा दुवा दिवसभर करतो तरी काय, असे विचारताच पुष्कळांचे बोट पडद्यावरील चित्रांकडे जाते. कोणते चित्र कोठे आहे, हे तुम्हांस आमच्याहून चांगले ठाऊक असते. तथापि चित्रांच्या जागा दर दोन-चार वर्षांनी बदलतात, आणि केवळ त्या शिकवण्यात गेलेला तास फुकट गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे. न बदलणारी गोष्ट निराळी आहे. ती समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर आहोत.

ती गोष्ट म्हणजे वाटणी. संगणकात मागणारे पुष्कळ, आणि देण्याजोगे थोडे. कोणास केव्हा द्यावे व कोणी थांबावे, हे ठरविणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

दूरच्या वाड्यांवरील एकशिक्षकी शाळा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. एक गुरुजी, एक खोली, चार इयत्ता. पहिलीस पाढे सांगून गुरुजी दुसरीकडे वळतात, तेथे शुद्धलेखन घालून तिसरीच्या गणिताकडे. दारातून पाहणाऱ्यास चारही वर्ग एकदमच चालले आहेत असे वाटते. संगणकाचा प्रोसेसर हा असाच गुरुजी होय. तुम्ही गाणे ऐकता, निबंध लिहिता आणि चित्र उतरवून घेता, तेव्हा तो प्रत्येक कामास सेकंदाचा अत्यल्प अंश देऊन पुढे सरकत असतो. निघताना गणित कोणत्या पायरीवर थांबले याची खूण मात्र जपून ठेवावी लागते, नाहीतर परतल्यावर सारे पहिल्यापासून! शिवाय एखाद्या वर्गाने गुरुजींना अडवूनच धरले तर? म्हणून घंटा हवी. ठरावीक वेळाने ती वाजते आणि चालू काम थांबवून निर्णय कारभाऱ्याच्या हाती येतो. आजच्या फोनमध्ये असे चार-आठ गुरुजी असतात. पण वर्ग शेकड्यांनी.

ही सोय प्रारंभापासून नव्हती. पूर्वी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा यंत्रशाळेत द्यावयाचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास वाट पाहावयाची. एखादे चिन्ह चुकले, की पुन्हा रांगेत. 1961 साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली.

आता कोणी म्हणेल, महत्त्वाच्या कामास प्रथम स्थान द्यावे, म्हणजे झाले. इथेच खरी मेख आहे. समजा, शाळेच्या दप्तरखान्याची किल्ली एकच. शिपाई ती घेऊन फडताळ लावीत आहे. इतक्यात मुख्याध्यापकांस तीच किल्ली हवी झाली. शिपायाचे काम आटोपेपर्यंत त्यांस थांबणे भाग आहे. तेवढ्यात कारकून शिपायास हाक मारून दुसऱ्याच कामास जुंपतो. कारकुनाचा हुद्दा शिपायाहून वरचा, तेव्हा नियम मोडला असे नाही. परंतु परिणाम काय? कारकुनाच्या कामासाठी मुख्याध्यापक ताटकळत उभे!

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर हे अमेरिकेचे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्यावरील संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जाऊ लागली. यंत्रातील माहिती इकडून तिकडे नेणारे काम सर्वांत महत्त्वाचे होते. हवामानाच्या नोंदीचे काम कमी महत्त्वाचे, पण किल्ली त्याच्यापाशी. आणि संदेशवहनाचे मधले काम त्या नोंदणाऱ्यास बाजूस सारून चालले होते. मुख्य काम वेळेत पुरे झाले नाही असे दिसताच रखवालदार म्हणून नेमलेली व्यवस्था सारेच नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रावर तो दोष घडवून पाहिला, तेव्हा कारण उमगले.

उपाय आधीच ठाऊक होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार व जॉन लेहॉक्झकी यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची मांडणी आहे. मुख्याध्यापक किल्लीसाठी थांबले असतील तोवर शिपायाचा हुद्दा मुख्याध्यापकांचाच मानावा; मग कारकून त्यास हलवू शकत नाही. किल्ली परत आली, की शिपाई पुन्हा शिपाई. यानाच्या कार्यप्रणालीत ही सोय होतीच, फक्त त्या किल्लीपुरती चालू केलेली नव्हती. ती चालू करण्याची आज्ञा पृथ्वीवरून धाडण्यात आली आणि यान सुरळीत काम करू लागले.

आता एक कोडे तुमच्यासाठी. भूमितीच्या तासाला दोन मुलांमध्ये एकच कंपास व एकच पट्टी आहे. आकृतीसाठी दोघांसही दोन्ही वस्तू हव्यात. एकाने कंपास धरला आहे, दुसऱ्याने पट्टी, आणि दोघेही दुसरी वस्तू मिळेपर्यंत हातची सोडावयास तयार नाहीत. येथे दोघांचा हुद्दा सारखाच, तेव्हा वरील उपाय लागू पडत नाही. वस्तू उचलण्याविषयी असा एखादा नियम शोधा, की जो दोघांनीही पाळल्यास हा पेच मुळात उद्भवणारच नाही.