मल्लेश्वरमच्या शेजारचा रोमन निधी

बेंगळुरूमधील मल्लेश्वरम हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तेथील काडु मल्लेश्वर मंदिराशी निगडित असलेला १६६९ सालचा शिलालेख शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या दानाची नोंद करतो. मात्र या परिसराच्या भूमीत त्याहून कितीतरी प्राचीन पुरावा दडलेला होता. मल्लेश्वरमला लागूनच असलेल्या यशवंतपूर येथे १८९१ साली रेल्वेच्या कामासाठी खोदकाम चालू असताना मातीचे एक भांडे हाती लागले. त्यात रोमन साम्राज्याची १६३ चांदीची नाणी होती.

ही नाणी ऑगस्टस, टायबेरियस, कॅलिग्युला आणि क्लॉडियस या सम्राटांची आहेत. या नाण्याला देनारियस म्हणत. ऑगस्टसच्या काळात रोमन सैनिकाला वर्षाकाठी २२५ देनारियस वेतन मिळे. त्या हिशेबाने यशवंतपूरचा ठेवा म्हणजे एका सैनिकाची पावणेनऊ महिन्यांची कमाई होय. कुबेराचे धन नव्हे, पण एखाद्या व्यापाऱ्याचे भांडवल खचितच!

निधीचा काळ ठरविताना सर्वांत जुने नाणे उपयोगी पडत नाही, सर्वांत अलीकडचे पाहावे लागते. क्लॉडियस इसवी सन ४१ मध्ये सत्तेवर आला. त्यामुळे हे भांडे त्यापूर्वी पुरलेले असणे शक्य नाही. त्यानंतर किती वर्षांनी पुरले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. इसवी सन ६४ च्या सुमारास नीरोने देनारियसचे वजन घटविले आणि चांदीचा कसही उतरविला. एका रोमन पौंडातून पूर्वी ८४ नाणी पाडली जात, ती आता ९६ पाडली जाऊ लागली. दक्षिण भारतात सापडणाऱ्या चांदीच्या निधींत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य असतात. आपले व्यापारी मुद्रेपेक्षा धातूला किंमत देत असावेत आणि म्हणून जुनी, सकस नाणी पसंत करीत असावेत, असे अनुमान त्यावरून काढले जाते. हे मान्य केले, तर जुनी नाणी नीरोनंतरही येत राहिली असतील. केवळ सम्राटांची नावे वाचून निधीचे वर्ष सांगणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

बेंगळुरू समुद्रापासून दूर आहे. तरीही १९६५ मध्ये तेथील एचएएल विमानतळाच्या परिसरात २५६ रोमन नाणी मिळाली, तर चित्रदुर्गजवळच्या चंद्रवल्लीच्या उत्खननातही देनारियस आढळले. केरळच्या मुझिरिस बंदरात मिरीच्या मोबदल्यात उतरणारे चलन अंतर्भागातील मार्गांनी पठारावर पोहोचत असावे. भारत साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. चार सेस्टर्सचा एक देनारियस होई. तक्रारीतला आकडा अर्थात जपूनच वापरावा. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती याच व्यापाराची साक्ष देते.

असे निधी बहुधा नांगराच्या फाळाला किंवा कुदळीला लागतात, अभ्यासकाच्या हाती क्वचितच. १८७८ च्या केंद्रीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. कर्नाटकात यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. केंद्रीय कायद्यात सापडवणाऱ्यालाही वाटा ठेवलेला आहे. ठेवा बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा त्याचा व एक चतुर्थांश जमीनमालकाचा. शासनाला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल, तर धातूच्या मूल्यावर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. नाणी सोनाराच्या मुशीत गेली, की त्यांची चांदी तेवढी उरते. सर्वांत अलीकडचे नाणे कोणाचे होते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.