दिल्लीच्या गॅसवाहिनीत जैववायू : धोरण, पेंढा आणि जमिनीची परतफेड

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील भाताचा पेंढा जाळला जातो आणि त्याचा धूर दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या हवेत मिसळतो. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम तीन आठवड्यांचा अवधी असल्याने शेतकऱ्याला शेत लवकर मोकळे करणे भाग पडते. हाच पेंढा प्राणवायूविरहित टाकीत कुजवला, तर त्यापासून घरगुती इंधन मिळते. साधारणपणे १० टन पेंढ्यापासून १ टन शुद्ध दाबयुक्त जैववायू (सीबीजी) तयार होतो. एका एकरातून २ टन पेंढा उचलला, तर सुमारे २०० किलो गॅस मिळेल. वजनाने तो १४.२ किलोच्या १४ सिलिंडरइतका भरतो.

धोरणाची चौकट

दिल्लीला हा विषय नवा नाही. शेणापासून गॅस मिळवण्याचे प्रयोग येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी केले होते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना सुरू करून ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात उभे राहिलेले प्रकल्प त्या संख्येच्या जवळपासही पोहोचले नाहीत. गॅसला खात्रीचा ग्राहक नसणे हे त्यामागील एक कारण होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये मिश्रणाचे बंधन जाहीर झाले. शहरी गॅस वितरण कंपन्यांनी वाहनांना व घरांना पुरवलेल्या एकूण गॅसमध्ये सीबीजीचे प्रमाण २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३ टक्के, २०२७-२८ मध्ये ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असावे, असे हे टप्पे आहेत. दिल्लीतील घरांत नळाने येणारा गॅस मुख्यतः स्वयंपाकासाठी आणि काही प्रमाणात पाणी तापवण्यासाठी वापरला जातो. शुद्धीकरणात कर्ब वायू व हायड्रोजन सल्फाइड काढून मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेल्यामुळे शेगडी बदलावी लागत नाही.

हवामानाला लाभ कसा?

खनिज वायू जाळल्यास भूगर्भातील जुना कार्बन हवेत येतो. पेंढ्यातील कार्बन मात्र त्याच हंगामात पिकाने हवेतून घेतलेला असतो. तथापि, शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कर्ब वायूच्या सुमारे २८ पट तापकारक आहे. टाकी, झडपा किंवा उघड्या स्लरीतून गळती झाल्यास हा लाभ झपाट्याने घटतो. म्हणून गळतीची नियमित तपासणी आवश्यक ठरते.

जमिनीचा हिशेब

एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि ४०० किलो कार्बन असतो. पेंढा जाळल्यास नत्र व कार्बन जवळजवळ पूर्णपणे नष्ट होतात. तो प्रकल्पाला दिल्यास धूर टळतो. परंतु एकरी २ टन पेंढ्यासोबत ५० किलो पालाश शेताबाहेर जाते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या रूपात हे प्रमाण ८० किलोहून अधिक होते. गॅसमध्ये प्रामुख्याने कार्बन व हायड्रोजन जातात, तर पालाश व स्फुरद स्लरीत शिल्लक राहतात. म्हणजे हरवलेले अन्नद्रव्य परत आणता येते, मात्र त्यासाठी स्लरी शेतापर्यंत पोहोचली पाहिजे.

पंजाबातील संगरूर जिल्ह्यात लेहरागागा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या प्रकल्पाची क्षमता दररोज ३३ टन गॅसची आहे. अशा प्रकल्पातून निघणाऱ्या किण्वित सेंद्रिय खताचे प्रमाण गॅसच्या अनेक पट असते. या खताच्या विक्रीसाठी केंद्र शासनाने प्रति टन १,५०० रुपये बाजार विकास साहाय्य जाहीर केले. डेन्मार्कमध्ये गॅसच्या जाळ्यातील एक तृतीयांशाहून अधिक वायू जैविक स्रोतांतून येतो. तेथे पशुपालकाने दिलेली शेणस्लरी प्रक्रियेनंतर पुन्हा शेतीतच जाते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पेंढा तीन आठवड्यांत गोळा होतो, प्रकल्प मात्र वर्षभर चालतो. त्यामुळे बेलरची उपलब्धता, गाठींची कोरडी साठवण आणि आगीपासून संरक्षण यांचे नियोजन कापणीपूर्वीच व्हावे. ओलसर गाठींना बुरशी लागते व त्या आतून तापतात. शेतकरी गटांनी करार करताना दर, ओलाव्याची मर्यादा, वजनाची पद्धत आणि उचल करण्याची अंतिम तारीख लेखी घ्यावी. उचल लांबली, तर गव्हाची पेरणी लांबते आणि शेतकरी पुन्हा आगपेटीकडे वळतो. दिलेल्या पेंढ्याच्या प्रमाणात किती खत परत मिळेल, हे कलमही करारात असावे. खत वापरण्यापूर्वी माती परीक्षण करावे आणि खताचे पृथक्करण खत नियंत्रण आदेशातील मानकांशी पडताळावे.

महाराष्ट्रात हाच विचार साखर कारखान्यांच्या प्रेसमडला लागू पडतो. त्याच्या सुमारे २५ टनांपासून १ टन गॅस मिळतो. मिश्रणाच्या टक्केवारीने गॅसला ग्राहक मिळेल. जमिनीला तिचा वाटा परत मिळतो की नाही, हे मात्र गावपातळीवरील करारावर अवलंबून राहील.