संपादक आणि चरित्र-अभ्यासक : डॉ. गंगाधर पानतावणे

दलित साहित्याचा इतिहास सांगताना कवी-कथाकारांची नावे प्रथम घेतली जातात. त्यांच्या लेखनाला छापील पान मिळवून देणारा संपादक मात्र बहुधा विस्मरणात जातो. म्हणूनच डॉ. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांच्या कार्याचा अभ्यास आवश्यक ठरतो.

नागपूर येथे जन्मलेले पानतावणे सर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राध्यापक होते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयाच्या परिसरातच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अस्मितादर्श’ त्रैमासिकाची वाटचाल सुरू झाली. प्रस्थापित नियतकालिकांच्या अभिरुचीत न बसणारी वस्तीची भाषा आणि अनुभव येथे सन्मानाने छापले गेले. ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांनी लेखक-वाचकांना एकत्र आणले. त्यांनी हे कार्य सुमारे पाच दशके चालविले.

बाबासाहेबांचे चरित्र चांगदेव खैरमोडे यांनी १९५२ पासून खंडशः सिद्ध केले. आपल्या कोकणचे, रत्नागिरीचे धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये आले. पानतावणे यांनी समग्र चरित्राऐवजी एकच पैलू निवडला. ‘पत्रकार बाबासाहेब आंबेडकर’ या ग्रंथात त्यांनी ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) या पत्रांमागील संपादक उभा केला. घटनाकार होण्याच्या कितीतरी आधी बाबासाहेब वर्गणीदारांअभावी पत्र बंद पडण्याचे दुःख सोसणारे संपादक होते. स्वतः नियतकालिक चालविणाऱ्या अभ्यासकालाच हे मोल नेमके उमगले.

यातून आपण कोणता बोध घ्यावा? ज्या समाजाची कागदपत्रे टिकत नाहीत, त्याचा इतिहास इतरांच्या लेखणीच्या स्वाधीन होतो. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत कागद लवकर जीर्ण होतो. पावसाळ्यात कसर लागते. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या पेटाऱ्यांत जुने अंक, सभांची पत्रके, धम्मदीक्षेची छायाचित्रे असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती काढून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाडीतील एका ज्येष्ठाचे चरित्र लिहावे. पानतावणे सरांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!